अधिवेशन उठलं की बदलणारी पेन्शन : कोल्हापूरच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातून लोकसभेवर आणि राज्यसभेवर गेलेले सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत एकोणतीस वर्षं टाइमकीपर होतो. हजेरी, पगारपत्रक आणि फंड (भविष्य निर्वाह निधी) ही तिन्ही कामं माझ्याच टेबलावर असायची. कुणाचा खाडा किती, कुणाची पाळी कुठली, कुणाच्या पगारातून किती कापले, हे मला तोंडपाठ असायचं. २०१२ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मीच माझा पेन्शनच्या अर्जाचा दहा-डी फॉर्म भरला. तेव्हापासून मला महिन्याला एक हजार नऊशे रुपये आणि वर थोडी चिल्लर मिळते. कागदावर हिचं नाव कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. आमच्याकडे मात्र ‘फंडाची पेन्शन’ म्हणायचं आणि एवढ्यावर समोरचा ओळखतो.

हे पत्र पेन्शन वाढवून मागण्यासाठी नाही. म्हणजे वाढ हवीच आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण मुख्य तक्रार वेगळी आहे. आमच्या पेन्शनचे नियम बदलतात तेव्हा तुम्ही कुठे असता, हा माझा प्रश्न आहे. आरोप नाही, प्रश्नच आहे. गिरणीत मशीन बंद पडलं की आम्ही आधी विचारायचो, ‘पाळीवर कोण होतं?’ त्याच अर्थानं विचारतोय.

आधी बाळासोची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच हे लिहायला बसलो.

बाळासो शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होता. बत्तीस वर्षं वाळूचे साचे भरले आणि वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिला. त्याच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. महा ई-सेवा केंद्रातल्या मशीनवर अंगठा उठत नाही. चेहरा दाखवायचं ॲप आलं, तर एका डोळ्यात मोतीबिंदू, फोन नातवाचा आणि गावात रेंज नाही. कसाबसा चेहरा जुळला आणि हयातीचा दाखला निघाला. महिन्याभरानं कळलं की तो नामंजूर झालाय. कारण? फंडाच्या कागदावर नाव ‘बाळासो ज्ञानू’, आधारवर ‘बाळासाहेब ज्ञानदेव’.

तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. या जिल्ह्यात प्रत्येक बाळासाहेबाचा बाळासो होतो, अण्णासाहेबाचा अण्णासो आणि बापूसाहेबाचा बापूसो. लग्नपत्रिकेत, सातबाऱ्यावर, सोसायटीच्या पावतीवर सगळीकडे ‘सो’. मी स्वतः हजारभर माणसांची नावं मस्टरवर अशीच चढवली असतील. जागा वाचायची आणि तोंडात तेच नाव असायचं. कॉम्प्युटरच्या हिशेबात मात्र बाळासो आणि बाळासाहेब हे दोन वेगळे इसम.

चार महिने पेन्शन बंद होती. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावाहून तो एसटीनं यायचा. पासष्टीच्या पुढचा म्हणून अर्धं तिकीट, तरी चहा-भजी धरून एका फेरीत दीडशे रुपये सहज जायचे. कुठल्या शाखेत आणि कुठल्या टेबलावर त्याला काय सांगितलं गेलं, ते इथं लिहीत नाही. तिथली पोरं वाईट नाहीत. त्यांनाही स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच माहीत असतं. एकदा मी सोबत गेलो होतो. टेबलापलीकडच्या मुलीनं सांगितलं, ‘सिस्टीम घेत नाही.’ बाळासो उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, म्या जित्ता हाय न्हवं का तुमच्या म्होरं? का मेल्यावर येऊ?’ ती मुलगीही हसली, मीही हसलो. बाळासो हसला नाही.

पुढं नाव दुरुस्त झालं आणि थकलेले पैसेही मिळाले. पण या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत राहिली. ‘नाव अक्षरशः जुळलं नाही तर जिवंत माणसाची पेन्शन थांबवावी’ असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? मी कायदा वाचला. पूर्वी कामासाठी वाचायचो, आता वेळ आहे म्हणून वाचतो. कायद्यात असं वाक्य नाही आणि १९९५ च्या योजनेतही नाही. ते आहे फक्त सिस्टीममध्ये.

आता मूळ मुद्दा. फंडाची पेन्शन तीन वाटांनी बदलते. एक अधिसूचना, दुसरं परिपत्रक, तिसरं सॉफ्टवेअर. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात पहिल्या वाटेपुरती तुमची पाळी स्पष्ट लावली होती. योजना असो की तिच्यातला बदल, तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवायचा. दोन्ही सभागृहांनी मिळून दुरुस्ती सुचवली तर पुढं दुरुस्तीसह चालवायचा, नामंजूर केला तर तिथून पुढं रद्द. हा अधिकार तुमच्या सभागृहांना त्याच कायद्यानं दिला. परिपत्रकाला असं बंधन नाही आणि सॉफ्टवेअरला तर कुठलंच नाही. बाळासोची पेन्शन तिसऱ्या वाटेनं थांबली. तिथं संसद पोचतच नाही.

आणि पहिल्या वाटेवर तरी काय होतं, तेही पाहू.

२२ ऑगस्ट २०१४ ला या योजनेतली आजवरची सगळ्यांत मोठी दुरुस्ती निघाली. पेन्शनच्या हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाली आणि त्याच सुमारास किमान पेन्शन एक हजार ठरली, हे चांगलं झालं. आमच्याकडच्या कितीतरी विधवांना तोवर पाचशे-सहाशे मिळत होते, त्यांचे हजार झाले. पण २२ तारखेच्या कागदात आणखी एक ओळ होती. पेन्शनचा हिशेब शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगारावर व्हायचा, तो साठ महिन्यांच्या सरासरीवर गेला. आमच्यातला हिशेब सोपा असतो : सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. नोकरीच्या शेवटी पगार थोडा वर सरकलेला असतो. सरासरी बारा महिन्यांची धरली तर त्या वाढीचा फायदा मिळतो, साठ महिन्यांची धरली की तो पातळ होतो. एका ओळीनं पुढं निवृत्त होणाऱ्या कितीतरी कामगारांचे दरमहाचे पैसे आयुष्यभरासाठी कमी झाले.

संसदेचं अधिवेशन त्या साली १४ ऑगस्टला संपलं होतं. अधिसूचना आली २२ ला, लागू झाली १ सप्टेंबरला. म्हणजे ज्या कागदावर तुमच्या सभागृहांना बोलायचा अधिकार होता, तो त्यांच्यापुढे येण्याआधीच अमलात आला. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात ही साठ महिन्यांची सरासरी ग्राह्य धरली. त्यामुळे ती कायद्याला धरून आहे की नाही, हे माझं भांडण नाही. ती आधी तुमच्यापुढे यायला हवी होती, एवढंच म्हणणं आहे.

दुसरं उदाहरण ताजं आहे. १३ ऑक्टोबर २०२५ ला फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाची बैठक झाली. नोकरी सुटलेल्या माणसाला पेन्शन खात्यातले पैसे काढायला पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं. ती मुदत छत्तीस महिने करायची ठरलं. फंड पूर्ण काढायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने. आणि खात्यात पंचवीस टक्के रक्कम किमान शिल्लक म्हणून राहिलीच पाहिजे. यामागचा विचार मला समजतो. माणसं नोकरी सुटली की सगळा फंड काढून मोकळी होतात, मग म्हातारपणी हातात काही राहत नाही. मी स्वतः कितीतरी पोरांना ‘काढू नको रे’ म्हणून समजावलंय. पण इचलकरंजीतला ज्याचा कारखाना बंद पडला, त्याला छत्तीस महिने म्हणजे काय, हे त्या बैठकीत कुणी मांडलं असेल का? ऑक्टोबरमध्येही अधिवेशन नव्हतं. हिवाळी अधिवेशन सुरू झालं १ डिसेंबरला.

दोन्ही वेळा मुहूर्त मुद्दाम साधला असं मी म्हणत नाही. वर्षातले बरेच महिने अधिवेशन नसतंच, त्यामुळे कुठलीही तारीख धरली तरी असं होण्याची शक्यता जास्तच. पण म्हणूनच ‘तीस दिवस पटलावर’ ही तरतूद आम्हाला पुरत नाही.

या विश्वस्त मंडळाबद्दलही एक सांगायचं आहे. कामगारांचे दहा, मालकांचे दहा, केंद्राचे पाचपर्यंत, राज्यांचे पंधरापर्यंत आणि अध्यक्ष म्हणून श्रममंत्री, अशी १९५२ च्या कायद्यातली त्याची रचना. मंत्री सोडले तर निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींसाठी तिथं वेगळी जागा नाही. आमच्या सहकारी बँकांच्या संचालक मंडळावर तालुक्यातला प्रत्येक पुढारी असतो. देशातल्या कोट्यवधी कामगारांच्या फंडावर तुम्हाला खुर्ची नाही, याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही का? (हा टोमणा नाही. खरंच विचारतोय.)

आता कोश्यारी समिती. हे नाव आमच्या पेन्शनरांच्या मेळाव्यात पोरंटोरंसुद्धा घेतात, इतकं घासून गुळगुळीत झालंय. पण तुमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे, कारण ती समिती तुमचीच होती. राज्यसभेची याचिका समिती, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, अहवाल २०१३ चा. हेच कोश्यारी पुढं आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. समितीनं काय सांगितलं? किमान पेन्शन तीन हजार करा, ती महागाईशी जोडा आणि पेन्शन फंडात सरकार घालतं तो पगाराच्या १.१६ टक्क्यांचा वाटा वाढवा. पुढच्या वर्षी किमान एक हजार झाली आणि तिथंच थांबली. त्यानंतर संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीनंही किमान रक्कम वाढवायला पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हणजे संसदेच्या समित्या बोलतात, लिहितात, अहवाल छापतात. पण मंत्रालयानं ऐकलं नाही तर पुढं काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नाही. आमच्या गिरणीत सुपरवायझरची नोट तीनदा दुर्लक्षिली तर चौथ्यांदा मॅनेजर स्वतः खाली यायचा.

आमच्यातल्या एका रिंगफ्रेमवाल्याची, म्हणजे सूत कातायच्या मशीनवरच्या कामगाराची, बायको आमच्या गल्लीतच राहते. नवरा गेल्यापासून तिला एक हजार रुपये येतात. २०१४ लाही एक हजार होते, आजही एक हजार आहेत. तिच्या डायबेटीसच्या गोळ्यांचा दर एवढ्या वर्षांत एकाच जागी राहिला नाही, हे तिला कुणी सांगायला नको.

चांगलं झालं तेही सांगायला हवं, नाहीतर पत्र खोटं वाटेल. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन केंद्रीय पद्धतीनं येते आणि देशात कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत मिळते. माझा एक सहकारी मुलाकडे पुण्याला राहायला गेला. पूर्वी खातं हलवायला त्याला सहा महिने लागले असते, या वेळी काहीच करावं लागलं नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच हवा असंही राहिलेलं नाही. वर्षात कधीही द्या, तिथून बारा महिने चालतो. तरी आमची माणसं नोव्हेंबर लागला की रांग लावतातच. दिवाळीचे फटाके आणि हयातीची रांग एकदमच येतात. सवय जात नाही आणि बँकेच्या फलकावरचा जुना कागदही कुणी काढत नाही.

पण सुधारणा होते तेव्हाही त्यातून कोण वगळलं जातं, हे कुणी बघायचं? जानेवारी २०२५ मध्ये नाव, जन्मतारीख वगैरे दुरुस्त्या कामगाराला स्वतःच करता येतील, मालकाची सही लागणार नाही, अशी सवलत आली. फार चांगली गोष्ट. पण ती कुणासाठी? ज्यांना फंडाचा क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळाला त्यांच्यासाठी. २०१७ नंतर लागलेल्या पोराच्या नावात चूक कशाला असेल? त्याचा आधार पहिल्याच दिवशी जोडलेला असतो. चुका आहेत त्या माझ्यासारख्यानं शाईच्या पेनानं लिहिलेल्या मस्टरातल्या. ज्यांना गरज होती ते सवलतीच्या बाहेर राहिले. आणि त्यांचे मालक? शाहू मिल १९०६ ची, बंद पडली २००३ ला. उद्यमनगरातल्या किती शेडना आज कुलूप आहे, तुम्ही प्रचाराला तिथून गेलात तेव्हा पाहिलं असेल. माझी स्वतःची गिरणी अवसायनात (लिक्विडेशनमध्ये) गेली. आता सही घ्यायची तर अवसायकाची, आणि अवसायक बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दप्तर कुठल्या तरी गोदामात उंदीर खातायत. त्यात माझं अक्षर आहे, म्हणून माझ्या काळजाला लागतं.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, त्याला कारण आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९५२ च्या कायद्याची जागा तिनं घेतली. आमची १९९५ ची योजना संहितेशी विसंगत नाही तेवढीच आणि एका वर्षापुरतीच चालू ठेवली आहे. पुढं नव्या संहितेखाली नवी योजना लिहावी लागणार. म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ नंतर पहिल्यांदा आमच्या पेन्शनचा कागद पुन्हा कोरा होतोय. त्यावर कुणी काय लिहिलं, हे छापून आल्यावर कळून उपयोग नाही. २०१४ च्या त्या एका ओळीवरून आम्ही आठ वर्षं कोर्टात घालवली.

म्हणून मागण्या सांगतो. अवघड एकही नाही.

नव्या पेन्शन योजनेचा मसुदा अधिसूचना निघण्याआधी श्रमविषयक स्थायी समितीपुढे जावा, यासाठी तुम्ही लेखी आग्रह धरा. मसुदा मराठीतही यावा. हिंदी आणि इंग्रजीत असतोच, पण मोल्डरनं वाचायचा असेल तर तो मराठीत लागतो. हरकती द्यायला निदान दोन महिने मिळावेत आणि हरकत टपालानंही देता यावी, नुसत्या पोर्टलवर नाही.

चालू असलेली पेन्शन रेकॉर्डच्या विसंगतीवरून, म्हणजे नावातल्या ‘सो’वरून, परस्पर थांबवू नये. आधी पोस्टानं नोटीस, मग तीन महिने मुदत, आणि तोवर पैसे चालू. माणूस जिवंत आहे की नाही याची शंका असेल तर पोस्टमन दारी येतोच, त्याला विचारा. हा नियम परिपत्रकात नको, योजनेत लिहा. म्हणजे तो पटलावर येईल आणि पुढं कुणी गुपचूप काढायला गेलं तर तुम्हाला दिसेल.

२०१७ च्या आधीच्या कामगारांची, विशेषतः बंद पडलेल्या आस्थापनांतल्या कामगारांची नावदुरुस्ती कोल्हापूर आणि इचलकरंजीत शिबिरं घेऊन करा. माझ्यासारखे दहा-बारा जुने टाइमकीपर आणि पगार क्लार्क अजून धडधाकट आहेत. कोण कुठल्या खात्यात होता, हे आम्ही तोंडी सांगू शकतो. मानधन नको, चहा चालेल.

कोश्यारी समितीच्या प्रत्येक शिफारशीचं काय झालं, हे सभागृहात तारांकित प्रश्न लावून विचारा. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर आलं तर पूरक प्रश्न विचारा की कुणाच्या विचाराधीन आहे आणि कधीपासून. किमान पेन्शन किती असावी यावर आमच्यातही मतं वेगळी आहेत, कुणी साडेसात हजार म्हणतं, कुणी नऊ. माझं म्हणणं एवढंच की आकडा काहीही ठरो, तो महागाईशी बांधलेला असावा. म्हणजे दर दहा वर्षांनी तुमच्या दारात यावं लागणार नाही.

आणि शेवटची मागणी तुमच्याकडेच आहे. गेल्या पाच वर्षांत भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन या विषयावर तुम्ही किती प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तरं आली, हे मराठीत एका कागदावर छापून द्या. शून्य असेल तर शून्य लिहा. फंडाच्या वार्षिक स्लिपवर आम्हीही कितीदा शून्य वाचलंय, त्याची सवय आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यावं म्हणून वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं रेटा लावला, तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. आमच्याकडे एवढी वर्षं नाहीत. मी बाहत्तरीला टेकलोय, बाळासो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

दर गुरुवारी सकाळी दहा ते एक आम्ही बिंदू चौकाजवळ एका चहाच्या गाड्यापाशी बसतो, फॉर्म भरायला आणि अर्ज लिहून द्यायला. तुमच्यापैकी कुणी आलात तर बाकडं मोकळं करून देऊ. येताना सोबत कार्यकर्ते कमी आणि वहीपेन जास्त आणा. माझ्याकडे अठ्ठावीस माणसांची यादी तयार आहे : नाव मस्टरवर काय, आधारवर काय, पेन्शन किती आणि कुठल्या महिन्यापासून अडकली.

आपला,
फंडाच्या पेन्शनवरचा एक निवृत्त टाइमकीपर,
कोल्हापूर

ता.क. – बाळासोनं हे पत्र वाचून घेतलं. त्याला फक्त एक दुरुस्ती हवी होती. फौंड्रीत बत्तीस नाही, तेहतीस वर्षं. एका वर्षाचा फंड मालकानं भरलाच नव्हता, म्हणून कागदावर बत्तीस दिसतात.